लुकिंग ग्लासने काय काय काढून टाकले

व्हिडिओ गेमच्या जगात एखाद्या स्टुडिओची थोरवी सांगायची झाली की त्याने काय काय नवे आणले याचा पाढा वाचला जातो: अधिक मोठा नकाशा, अधिक देखणी चित्रे, अधिक शस्त्रे, अधिक तासांचा खेळ. लुकिंग ग्लास स्टुडिओजबद्दल मला जे वाटते ते या पाढ्यात बसत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज शहरात काम केलेल्या या स्टुडिओला उणीपुरी दहा वर्षे लाभली. त्या दहा वर्षांत या मंडळींनी जे अव्वल काम केले ते बहुतेक वेळा गेममधून काहीतरी काढून टाकून केले, आणि जिथे बाजाराच्या धाकाने त्यांनी भर घातली तिथे त्यांचे हात पोळले. त्यांचे गेम मी कित्येक वर्षे पुन्हापुन्हा खेळत आले आहे. दर वेळी हे मत अधिक घट्ट होत गेले, म्हणून ते जरा सविस्तर मांडावेसे वाटते.

पॉल न्यूरॅथ आणि नेड लर्नर हे वेस्लियन विद्यापीठातल्या दिवसांपासून एकमेकांना ओळखणारे. लर्नरने पुढे विमानोड्डाणाच्या गेममध्ये नाव कमावले आणि स्वतःची कंपनी काढली. न्यूरॅथने ओरिजिन सिस्टिम्स या प्रकाशकासाठी १९८९ मध्ये ‘स्पेस रोग’ हा अंतराळातला गेम केला आणि १९९० मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या सेलम या गावी ब्लू स्काय प्रॉडक्शन्स नावाची कंपनी थाटली. १९९२ मध्ये या दोन कंपन्या एक झाल्या आणि लुकिंग ग्लास हे नाव आले. ‘स्पेस रोग’मधली एक गोष्ट न्यूरॅथला खटकत राहिली होती. यान चालवताना जग त्रिमितीय असे, पण यानातून खाली उतरले की तेच जग वरून पाहिलेल्या सपाट चौकोनांचे होऊन जाई. एकाच गेममध्ये दोन जगे नांदत होती आणि त्यांच्यामधला सांधा डोळ्यांना टोचत होता. तो सांधा घालवायचा, खेळाडूला एकाच अखंड जागेत उभे करायचे, ही या स्टुडिओची पहिली वजाबाकी.

त्या काळी भुयारे धुंडाळण्याचे गेम चौकटीत आखलेले असत. १९८७ चा ‘डन्जन मास्टर’ हा त्यांतला मानाचा गेम. तिथेही एक कळ दाबली की एक घर पुढे आणि दुसरी दाबली की काटकोनात वळण, अशीच चाल होती. न्यूरॅथच्या मंडळींनी ही घरे पुसून टाकायचे ठरवले. मार्च १९९२ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’मध्ये खेळाडू हव्या त्या दिशेला, हव्या त्या वेगाने चालू शकतो, मान वर करून छताकडे आणि खाली वाकून दरीत पाहू शकतो, उडी मारू शकतो, पाण्यात पोहू शकतो. जमीन चढते, उतरते. मशालीचा उजेड थोड्या अंतरावर विरून जातो आणि पलीकडे काळोख असतो. भिंतींवर, जमिनीवर आणि छतावर दगडाचे पोत चढवण्याचे तंत्र ख्रिस ग्रीन या प्रोग्रामरने दिले. बाकी बहुतेक काम अशा तरुणांनी केले ज्यांनी त्याआधी गेम केलेला नव्हता. डग चर्च हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. तो एमआयटीतला विद्यार्थी होता आणि या कामात तो असा ओढला गेला की पुढची कित्येक वर्षे तो या स्टुडिओच्या विचारांचा कणा होऊन राहिला. ओरिजिनकडून निर्माता म्हणून वॉरन स्पेक्टर होता. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

‘अंडरवर्ल्ड’नंतर दोनच महिन्यांनी, मे १९९२ मध्ये, ‘वुल्फनस्टाइन ३डी’ आला आणि त्रिमितीय गेमचा इतिहास बहुतेक लोक तिथूनच मोजू लागले. यात मला अन्याय वाटतो, पण त्यामागचे कारण समजते. ‘वुल्फनस्टाइन’ सुसाट पळत होता. ‘अंडरवर्ल्ड’मध्ये जग दिसायचे ते पडद्याच्या एका तुकड्यात, उरलेली जागा सामानाची थैली, होकायंत्र आणि बटणे यांनी व्यापलेली, आणि त्या काळच्या संगणकांवर तो तुकडाही रखडत हलायचा. मात्र ‘वुल्फनस्टाइन’मधले दार हे फक्त दार होते. ‘अंडरवर्ल्ड’मधले बंद दार किल्लीने उघडता येते, कुलूप चाचपून काढता येते, मंत्राने मोकळे करता येते आणि काहीच हाताशी नसेल तर शस्त्राचे घाव घालून फोडता येते, मग भले त्या घावांनी शस्त्राची धार जावो. यांतला कुठलाही मार्ग ‘बरोबर’ म्हणून नेमून दिलेला नाही. दार कशाचे आहे आणि तुमच्या हातात काय आहे एवढेच त्या जगाला ठाऊक असते. पुढचे तुम्ही ठरवायचे. त्या काळचे गेम खेळाडूच्या कानात सतत कुजबुजत असत की लेखकाने तुझ्यासाठी ही वाट आखली आहे. तो आवाज इथे पहिल्यांदा बंद झाला, आणि माझ्या दृष्टीने चौकोन पुसण्याहूनही ती वजाबाकी मोठी होती. हळूहळू तोंडोतोंडी नाव पसरत या गेमच्या पाच लाखांच्या आसपास प्रती खपल्या.

तरीही चर्च आणि त्याच्या सोबत्यांना या गेममधला एक भाग डाचत होता, आणि तो म्हणजे संवाद. भुयारात हिरवे आणि करडे गॉब्लिन आहेत, सरड्यासारखे दिसणारे लोक आहेत, त्यांची भाषाही शिकावी लागते. पण कुणाशी बोलायला लागले की सारे जग थबकते आणि पडद्यावर तीन-चार वाक्ये येतात, त्यांतले एक निवडायचे. हालचालीत मोकळीक आणि बोलण्यात मात्र पाठांतर, हा विसंवाद त्यांना सहन होईना. संवाद सुधारायचा कसा यावर दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओने अधिक वाक्ये लिहिली असती. लुकिंग ग्लासने माणसेच काढून टाकली.

‘सिस्टिम शॉक’ सप्टेंबर १९९४ मध्ये आला. शनी ग्रहाच्या कक्षेत फिरणारे सिटाडेल नावाचे अंतराळस्थानक, त्याचा कारभार पाहणारी शोडान ही कृत्रिम बुद्धी, आणि तिच्यावरची नीतीची बंधने एका लोभी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःच्याच हातांनी काढणारा हॅकर, म्हणजे आपण. सहा महिन्यांच्या बेशुद्धीतून आपण जागे होतो तेव्हा स्थानकावर कुणीही बोलण्याजोगे उरलेले नाही. उरल्या आहेत त्या त्यांच्या ध्वनिमुद्रित नोंदी. कुणी सहकाऱ्याला निरोप ठेवला आहे, कुणी घाबरून दाराचा आकडा सांगितला आहे, कुणी शेवटच्या प्रतिकाराची योजना मांडली आहे, आणि ती योजना फसली हे आपल्याला पुढच्या खोलीतल्या अवशेषांवरून कळते. आज ही क्लृप्ती इतक्या गेममध्ये दिसते की ती कुणाला तरी पहिल्यांदा सुचली असेल हेही कुणाच्या मनात येत नाही. मूळ अडचण संवादाची होती आणि तिचे उत्तर स्मशानशांततेत मिळाले. आवाजासहित सारे बोलणे असलेली सीडीवरची आवृत्ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाली. माझ्या मते तोच खरा ‘सिस्टिम शॉक’. शोडानचा आवाज टेरी ब्रोशिअसचा. ती, तिचा पती एरिक ब्रोशिअस आणि ध्वनीचे काम पाहणारा ग्रेग लोपिकोलो हे तिघेही बोस्टनमधल्या ‘ट्राइब’ या रॉक बँडचे. तिच्या आवाजाचे तुकडे करून, मध्येच पट्टी चढवून, शब्द अडखळवून त्यांनी जो परिणाम साधला तो ऐकताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. आपण जिथे जिथे जातो तिथे ती आपल्याला पाहते आहे, आणि तिला आपल्याविषयी फक्त तुच्छता आहे, हे त्या फाटक्या आवाजातून जसे पोहोचते तसे ते कुठल्याही चेहऱ्यातून पोहोचले नसते.

त्याच्या पुढच्या वर्षी स्टुडिओने जे केले त्याकडे गेमचा इतिहास लिहिणारे फारसे वळत नाहीत. ‘फ्लाइट अनलिमिटेड’ हा १९९५ चा विमानोड्डाणाचा गेम. विमानाच्या गेममध्ये तेव्हा शत्रू असायचे, क्षेपणास्त्रे असायची. इथे शत्रू नाहीत, तोफा नाहीत, मोहीम नाही. आहेत कसरतींची पाच विमाने, त्यांत एक इंजिन नसलेले ग्लायडर, आणि हवा. शेमस ब्लॅकली हा भौतिकशास्त्र शिकलेला आणि उडण्याचे वेड असलेला तरुण या प्रकल्पाचा प्रमुख होता. पंखांभोवती हवा कशी वाहते याचे गणित संगणकाने त्या त्या क्षणी मांडावे असा त्याचा आग्रह. आधी मोजून ठेवलेले तक्ते वापरण्याची सर्वमान्य रीत त्याने बाजूला सारली. परिणाम असा की विमान उलटे होऊन गिरक्या घेत खाली येऊ लागते तेव्हा ते कुणी चितारलेली गिरकी घेत नाही, त्याच्या पंखांवरची हवा खरोखर सुटलेली असते आणि ती पुन्हा धरायची असते. हा गेम स्टुडिओने स्वतःच प्रकाशित केला आणि तो चांगला खपला. या यशाने हुरूप आला आणि पुढे ओढवलेल्या संकटाचे बीही त्यातच पडले, कारण आपले गेम आपणच बाजारात आणू शकतो असा विश्वास त्यातून आला.

१९९६ चा ‘टेरा नोव्हा’ हे त्याचे उदाहरण. भविष्यातल्या सैनिकी पथकाचा हा गेम मुळात चांगलाच होता: मोकळी टेकाडे, दूरवर पसरलेली रणभूमी, आपले डोके चालवणारे सोबती. पण त्या वेळी खरे नट घेऊन चित्रित केलेल्या दृश्यांची लाट आली होती, आणि त्यांच्याशिवाय गेम विकला जाणार नाही असे सगळीकडे बोलले जात होते. काम बरेच पुढे गेल्यावर ती दृश्ये ‘टेरा नोव्हा’ला जोडली गेली. खर्च वाढला, वेळ लांबला, आणि ती दृश्ये पाहताना त्यांची उपरी वस्ती लपत नाही. गेमला समीक्षकांनी वाखाणले, पण घातलेले पैसे वसूल झाले नाहीत. ज्या स्टुडिओने संवादाच्या अडचणीवर माणसे काढून टाकण्याचे धाडस केले होते तोच आता नको असलेली माणसे पैसे मोजून आणत होता. पाठोपाठ गोल्फचा गेमही आपटला. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्पेक्टरच्या देखरेखीखाली उघडलेली शाखा १९९७ मध्ये बंद करावी लागली, त्याच वर्षी स्टुडिओ इंटरमेट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या छत्राखाली गेला, आणि नोकरकपातीत जवळपास निम्मी माणसे गेली. उरलेली मंडळी ज्या गेमवर काम करत होती तो कसा असावा हेही अजून पुरते ठरलेले नव्हते.

तो गेम म्हणजे ‘थीफ’. मला या स्टुडिओचा एकच गेम ठेवायला सांगितले तर मी डोळे मिटून हा ठेवीन. पण तो जन्मला कसा हे पाहिले की तो जन्मला याचेच नवल वाटते. आधी शीतयुद्धाच्या काळातल्या मृतात्म्यांचा एक गेम योजला होता. तो मागे पडला. मग राजा आर्थरची गोष्ट उलटी करून सांगणारा ‘डार्क कॅमलॉट’ आला, ज्यात तलवारबाजीला मोठे स्थान होते. त्या गेममध्ये चोरीचा एक छोटा भाग होता, आणि न्यूरॅथ सारखा म्हणत राहिला की खरा रस या चोरीतच आहे. अखेर आर्थर गेला, तलवारबाजी बाजूला पडली, चोरी तेवढी राहिली. पण चोरीचा गेम चालायचा तर पहारेकऱ्यांना पाहता आणि ऐकता आले पाहिजे, संशय आला पाहिजे आणि तो विरलाही पाहिजे. पहारेकऱ्यांची पहिली बुद्धी कामाची निघाली नाही, ती टाकून टॉम लेनर्डने नवी लिहिली. पैसे संपत आलेल्या कंपनीत झालेले काम मोडीत काढायला काय लागत असेल याचा मी अनेकदा विचार करते. ३० नोव्हेंबर १९९८ रोजी ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ अमेरिकेत बाजारात आला.

इथे सर्वांत मोठी गोष्ट काढून टाकलेली आहे ती म्हणजे खेळाडूचे बळ. गॅरेट हा नायक तलवार बाळगतो, पण ती चालवण्यात तो बेताचाच. एका पहारेकऱ्याशी समोरासमोर गाठ पडली तर निभावते, दोघे आले तर बहुधा मरण. सर्वांत कठीण पातळी निवडली तर माणूस मारण्याचीच बंदी आहे; एकाचा जरी जीव गेला तरी मोहीम तिथेच फसली. म्हणजे खेळ अवघड करायचा तर इतर गेम शत्रूचे बळ वाढवतात, आणि इथे आपल्या हातातली आणखी एक सूट काढून घेतली जाते. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. ते उजळले की आपण दिसतो आहोत आणि काळवंडले की अंधारात विरलो आहोत. याखेरीज आपल्याला लपल्याचे प्रमाण देणारे काहीही नाही, शत्रूंची जागा दाखवणारा ठिपक्यांचा नकाशा तर नाहीच. नकाशा आहे तो हाताने रेखाटलेला, अर्धवट, कुणाकडून तरी ऐकून काढल्यासारखा, आणि एका मोहिमेत त्यावर बराच भाग कोरा ठेवून प्रश्नचिन्हे टाकलेली आहेत.

डोळ्यांची मदत अशी काढून घेतल्यावर उरतात ते कान. पहिलीच खरी मोहीम घ्या. बॅफर्ड नावाच्या उमरावाचा वाडा, त्याच्या सिंहासनाच्या दालनात ठेवलेला रत्नजडित राजदंड चोरायचा आहे. पुढच्या दाराशी पहारेकरी गप्पा मारत उभे आहेत. अस्वलांच्या झुंजींना आता पूर्वीची मजा राहिली नाही अशी त्यांची कुरकुर चालली आहे. आपण अंधारात थांबून ती ऐकू शकतो, आणि गंमत म्हणजे ऐकत राहावेसे वाटते. आत जायची वाट बाजूच्या विहिरीतून. पाण्यात उतरून तळघरात निघायचे, तिथे दगडी जमीन. वर गेलो की चकचकीत फरशी, मध्ये लाल गालिचा. फरशीवर पाऊल टाकले की ‘टक’ असा आवाज होतो, आणि तो आवाज होताक्षणी लक्षात येते की हा आपल्यासाठी वाजवलेला आवाज नाही, तो त्या वाड्यात झालेला आवाज आहे आणि पुढच्या वळणावरच्या माणसानेही तो ऐकला आहे. त्याचे पाऊल थांबते. तो काहीतरी पुटपुटतो. आपण गालिच्याच्या कडेला श्वास रोखून उभे. तो दोन पावले पुढे येतो, मग त्याची समजूत पटते की उंदीरबिंदीर असेल, आणि तो माघारी फिरतो. या अर्ध्या मिनिटात पडद्यावर जवळजवळ काहीही हलत नाही. गेममध्ये इतकी उत्कट वाट पाहणे मी दुसरीकडे फार थोड्या वेळा अनुभवले आहे.

हे साधले ते ध्वनीच्या मांडणीमुळे. या गेमसाठी केलेल्या इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रणालीत, प्रत्येक जागेची खोल्याखोल्यांनी नोंद ठेवलेली आहे, आणि आवाज एका खोलीतून दुसरीत जातो तो खराखुरा दारावाटे, कोपऱ्यांवरून वळत, बंद दाराने दबत. भिंतीपलीकडच्या माणसाची शीळ आपल्याला भिंतीतून आरपार ऐकू येत नाही, ती दाराच्या दिशेने येते. म्हणून डोळे मिटूनही तो कुठल्या वाटेने येणार हे कळते. आणि हाच नियम त्यालाही लागू. आपली पावले त्याच्यापर्यंत त्याच वाटेने, तितकीच विरून पोहोचतात. खेळाडूला एक नियम आणि शत्रूला दुसरा अशी लबाडी इथे नाही. म्हणूनच पकडले गेल्यावर राग येत नाही. आपण नक्की कुठे वाजलो ते आपल्याला माहीत असते. हाती दिलेली साधनेही याच नियमांना हात घालतात. पाण्याचा बाण मशाल विझवतो, शेवाळाचा बाण कडक जमिनीवर मऊ थर पसरतो, दोराचा बाण लाकडात रुततो पण दगडावरून गळून पडतो. मशाल ही केवळ चित्रातली मशाल नसून ओली झाली तर विझणारी वस्तू आहे, एवढे एकदा उमगले की पुढे कुणी शिकवावे लागत नाही.

याच गेममध्ये एक धरसोडही दिसते. मध्ये मध्ये पडक्या थडग्यांतल्या, भुतांच्या आणि राक्षसी प्राण्यांच्या मोहिमा आहेत, आणि त्यांत गॅरेटची कला फारशी उपयोगी पडत नाही. नुसती चोरी खेळाडूला पुरेल का याची निर्मात्यांना तेव्हा खात्री नव्हती, म्हणून ती भर पडली. काहींना त्या मोहिमा आवडतात. त्यांतली झपाटलेली शांतता मलाही आवडते, पण तिथे पोहोचले की मला वाड्यांची आणि पहारेकऱ्यांची आठवण येऊ लागते. मार्च २००० मधल्या ‘थीफ २: द मेटल एज’मध्ये ही शंका मिटलेली आहे. भुते जवळपास गेली, माणसे आणि त्यांच्या इमारती राहिल्या. बँकेवरचा दरोडा आहे, आणि एका मोहिमेत तर शहराच्या छपराछपरांवरून, लोकांच्या खिडक्यांतून आत शिरत आणि पुन्हा बाहेर पडत एका उंच मनोऱ्यातल्या मेजवानीपर्यंत जायचे आहे. वाटेतल्या प्रत्येक घरात कुणाचे तरी पत्र, कुणाचे तरी भांडण सापडते. आपल्याला काय जमते हे या मंडळींना तोवर नेमके कळले होते.

मधल्या काळात, ऑगस्ट १९९९ मध्ये, ‘सिस्टिम शॉक २’ येऊन गेला. तो स्टुडिओतून बाहेर पडलेल्या केन लेव्हिन, जोनाथन चे आणि रॉब फर्मियर यांनी काढलेल्या इरॅशनल गेम्स या नव्या कंपनीने लुकिंग ग्लासच्या सोबतीने केला. तो अधिक प्रसिद्ध आहे आणि त्याच्यावर भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी त्याच्यापाशी थांबत नाही. एवढेच म्हणेन की ‘थीफ’चे कान आणि शोडानचा आवाज एकत्र आल्यावर जे होते त्याला भीती हाच शब्द योग्य आहे.

आणि मग २४ मे २००० रोजी लुकिंग ग्लास बंद झाला. ‘थीफ २’ बाजारात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याचे खापर कुणा एकावर फोडता येत नाही. जुन्या अपयशांचे कर्ज डोक्यावर होते, हाती असलेल्या प्रकल्पांतून पैसा वेळेवर येत नव्हता, आणि ‘थीफ’चा प्रकाशक आयडॉस तेव्हा स्वतःच आर्थिक ओढाताणीत सापडला होता. या स्टुडिओचे गेम कधी लाखांनी खपले, कधी नाही, पण ते नेहमीच वेळखाऊ होते. नियमांनी चालणारे जग बांधायचे तर ते मोडून पाहावे लागते, पुन्हा बांधावे लागते, आणि ते मजेचे आहे की नाही हे अगदी शेवटीच कळते. ‘थीफ’ तर कितीतरी काळ मजेचा नव्हताच. इतका वेळ वाट पाहण्याचा खर्च कोण उचलणार या प्रश्नाला त्यांना धड उत्तर मिळाले नाही. ही माझ्या मनाला लागलेली गोष्ट आहे आणि तिच्यात मला सांत्वन सापडत नाही. पुढे याच माणसांनी इतरत्र मोठी कामे केली म्हणून एकत्र बसून काम करणारा तो गट मोडला त्याचे दुःख कमी होत नाही.

पण ती कामे मोठी होती हे खरेच. बंद पडल्यानंतर महिनाभरातच स्पेक्टरचा ‘ड्यूस एक्स’ आला, जो ‘अंडरवर्ल्ड’मधल्या बंद दाराचाच वंशज आहे. लेव्हिनने २००७ मध्ये ‘बायोशॉक’ केला. ब्लॅकली त्याआधीच मायक्रोसॉफ्टमध्ये गेला होता आणि एक्सबॉक्स या गेमयंत्राची कल्पना मांडणाऱ्या मोजक्या लोकांत तो होता. लोपिकोलो आणि एरिक ब्रोशिअस हार्मोनिक्स या कंपनीत गेले, जिथून ‘गिटार हिरो’ आणि ‘रॉक बँड’ हे संगीताचे गेम निघाले. फ्रान्समधल्या आर्केन या स्टुडिओने २००२ मध्ये केलेला ‘आर्क्स फटालिस’ हा तर ‘अंडरवर्ल्ड’चा पुढचा भाग व्हावा अशाच इच्छेतून जन्मला, आणि पुढे ‘डिसऑनर्ड’ व ‘प्रे’ या त्यांच्या गेममध्ये ती नाळ उघड दिसते. ‘सिस्टिम शॉक’मधल्या एका सुरुवातीच्या दाराचा आकडा ४५१ होता. ‘ड्यूस एक्स’, ‘बायोशॉक’, ‘डिसऑनर्ड’, ‘प्रे’ या सगळ्यांत तो आकडा कुठल्या तरी कुलपावर भेटतो, आणि भेटला की आपण कुणाच्या घरात आलो आहोत हे ओळखीच्या माणसाला कळते. वारसा मात्र आपोआप चालत नाही. न्यूरॅथच्या नव्या कंपनीने २०१८ मध्ये काढलेला ‘अंडरवर्ल्ड असेंडंट’ अर्धाकच्चा होता आणि त्याने जाणकारांची निराशा केली.

स्टुडिओ गेल्यावर त्याच्या गेमचे हक्क विखुरले. ‘सिस्टिम शॉक’चे हक्क एका विमा कंपनीकडे जाऊन पडले होते. स्टीफन किक या तरुणाला ‘सिस्टिम शॉक २’ पुन्हा खेळावासा वाटला आणि तो कुठेच विकत मिळेना. त्या चौकशीतून त्याने त्या कंपनीशी बोलणी केली, नाइटडाइव्ह हा स्टुडिओ काढला आणि २०१३ मध्ये गेम पुन्हा विक्रीला आणला. पहिल्या ‘सिस्टिम शॉक’ची नव्याने घडवलेली आवृत्ती त्याच नाइटडाइव्हने २०२३ मध्ये काढली. ‘थीफ’चे नशीब वेगळे. मोहिमा बांधण्याचे आपले साधन स्टुडिओने हयातीतच खेळाडूंच्या हाती दिले होते, आणि त्यावर चाहत्यांनी आजवर हजाराहून अधिक मोहिमा रचल्या आहेत. २०१२ मध्ये कुणीतरी टोपणनावाने जुन्या इंजिनाची अशी दुरुस्ती प्रसिद्ध केली की ते आजच्या संगणकांवर सुरळीत चालू लागले. हे काम करणाऱ्याने आपले खरे नाव पुढे केले नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, मूळ गेमला २५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ‘द ब्लॅक परेड’ ही चाहत्यांनी अनेक वर्षे खपून केलेली मोहिमांची संपूर्ण मालिका फुकट उपलब्ध झाली. ती त्याच जुन्या इंजिनावर आहे, तीच ओबडधोबड माणसे आणि तेच मोठमोठे कोपरे, पण तिच्यातल्या जागा इतक्या विचारपूर्वक बांधल्या आहेत की मूळ मंडळींनाही त्यांचा अभिमान वाटावा.

यांतला कुठला गेम आधी खेळावा असे मला कुणी विचारले तर मी ‘थीफ २’ सांगते, आणि तोही मधल्या पातळीवर, कारण तिथे चुका पोटात घालण्याइतकी सवलत आहे आणि इमारती सर्वांत चांगल्या आहेत. तो अंगवळणी पडला की पहिला ‘थीफ’ खेळावा, त्यातल्या भुतांसकट. ‘सिस्टिम शॉक’साठी नवी आवृत्ती पुरेशी आहे, जरी जुन्या सीडीवरचे शोडानचे बोलणे एकदा तरी ऐकावे. ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ मात्र सर्वांत शेवटी, सवडीने, हाताने नकाशावर टिपणे लिहीत खेळावा. नकाशावर लिहिण्याची सोय गेमनेच दिलेली आहे, आणि १९९२ मध्ये ती देताना त्यांनी खेळाडूच्या बुद्धीवर किती भरवसा टाकला होता हे तिथे लिहायला लागल्यावरच कळते.